सई परांजपे प्रदर्शन: बारा फलक, चार गुंडे लोकर

१२ जानेवारी

ठरलं एकदाचं. १९ मार्च हा चित्रपट-नाट्य दिग्दर्शिका सई परांजपे यांचा वाढदिवस. त्या दिवसापासून वाचनालयाच्या माडीवरच्या हॉलमध्ये त्यांच्या कामावर आठ दिवस प्रदर्शन. वर्गणीतून दहा हजार जमतील असं ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या. मंडळी चार: मॅडम, मी, बारावीतली माझी पुतणी (मराठी टायपिंग तिच्याकडे) आणि निवृत्त पोस्टमन काका, ज्यांच्याकडे हॉलची किल्ली असते आणि मतंही असतात.

नोंदी ठेवतेय त्याचं कारण साधं आहे. मागच्या प्रदर्शनाचं कोणीच काही लिहून ठेवलं नाही, त्यामुळे खिळे कुठल्या मापाचे लागतात इथपासून पुन्हा सुरुवात. दुसऱ्या गावच्या वाचनालयाला हेच करायचं असेल तर आमच्या चुका त्यांना फुकट मिळतील.

१९ जानेवारी

आठवडा गेला आणि हाती आले घराण्याचे तीन फलक. आजोबा रँग्लर परांजपे, फर्ग्युसनचे प्राचार्य, पुढे ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त. आई शकुंतला परांजपे, संततिनियमनाच्या कामात आयुष्य घातलेल्या, राज्यसभेवर नेमलेल्या, आणि व्ही. शांतारामांच्या ‘कुंकू’मध्ये काम केलेल्या. वडील रशियन चित्रकार. लिहायला मजा येते हो, थांबवत नाही. काका वाचून म्हणाले, “सगळं छान आहे. पण बाई अजून जन्माला आल्या नाहीत.”

तिन्ही फलक रद्द. एकाच फलकाच्या वरच्या चतकोरात घराणं बसवलं. त्याखाली आठव्या वर्षी छापून आलेलं ‘मुलांचा मेवा’ हे पुस्तक, आणि तिथून थेट आकाशवाणी पुणे. एका माणसावर प्रदर्शन करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: पुण्याच्या माणसाचं घराणं लिहायला बसलात की जागा तिथेच संपते.

२६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर हॉलच्या फरशीवर चिकटपट्टीने काळरेषा आखली. इकडे १९३८, तिकडे आज. मधे कार्ड ठेवत गेलो. दुपारी दोनपर्यंत कळलं की हे जमत नाहीये.

अडचण अशी की या बाई एका रांगेत चालतच नाहीत. रेडिओवर निवेदन, मुलांचे कार्यक्रम, पुण्यात बालनाट्य (‘पत्तेनगरीत’, ‘शेपटीचा शाप’), राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून १९६३ साली बाहेर, मग दिल्ली दूरदर्शन. एकट्या १९७२ मध्ये दोन कार्डं: ‘द लिटल टी शॉप’ या टीव्हीपटाला तेहरानमध्ये आशियाई प्रसारण संघाचा पुरस्कार, आणि २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं त्याच्या उद्घाटनाचा कार्यक्रम. लगेच पुढे बालचित्रपट, ‘जादू का शंख’ (१९७४) आणि ‘सिकंदर’ (१९७६). मग तीन मोठे चित्रपट: ‘स्पर्श’, ‘चश्मे बद्दूर’, ‘कथा’. आता कोणीही म्हणेल, चौथा आणखी मोठा येणार. तर त्या जागी ‘अडोस पडोस’ (१९८४) आणि ‘छोटे बडे’ (१९८५), दोन्ही मालिका. मग ‘दिशा’ (१९९०). अधूनमधून माहितीपट, वारणानगरच्या मुलांच्या वाद्यवृंदावरचा, पंकज मलिकांवरचा. आणि मराठी नाटकं आहेतच, ‘जास्वंदी’, ‘सख्खे शेजारी’, ‘माझा खेळ मांडू दे’.

पुतणीने रेषेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. “मग हे केलं, मग ते केलं, मग हे केलं. आत्या, हा बायोडेटा झाला.” खरं होतं. चिकटपट्टी उपटली तर फरशीवर गोंद राहिला. रॉकेलचा बोळा फिरवून काढायला काकांचा एक तास गेला. फरशीवर चिकटपट्टी लावू नका, खडू वापरा.

२ फेब्रुवारी

रेषेऐवजी जाळं करायचं ठरलं. फलक माध्यमाप्रमाणे: रेडिओ, रंगभूमी, दूरदर्शन, बालचित्रपट, चित्रपट, माहितीपट, लेखन. आणि फलकाफलकांमधून लोकर ओढायची.

लाल लोकर कुठे, तर एकच गोष्ट घर बदलते तिथे. ‘ससा आणि कासव’ या मराठी नाटकावरून ‘कथा’. दूरदर्शनसाठी केलेल्या ‘धुआँ धुआँ’वरून ‘चश्मे बद्दूर’. पांढरी लोकर म्हणजे विषय तोच, कलाकृती वेगळ्या. ‘कथा’, ‘हम पंछी एक चाल के’ ही मालिका आणि ‘दिशा’मधली गिरणगावातली खोली, या तिघांना चाळीचा पांढरा धागा. ‘सख्खे शेजारी’ आणि ‘अडोस पडोस’ यांना शेजाराचा.

हे कागदावर काढलं आणि मला पहिल्यांदा काहीतरी दिसलं. या बाई माध्यम बदलतात, पण उंबरठा ओलांडून शेजारी डोकावणं काही सोडत नाहीत. पुरुषांची भाड्याची खोली असो की चाळीची गॅलरी, भिंत नेहमी पातळच. हे वाक्य मी फलकावर घातलं होतं. मॅडमनी खोडलं. म्हणाल्या, लोकर दाखवतेय ना, मग तू कशाला बोलतेस.

९ फेब्रुवारी

आज मनाला लागलं. रोज संध्याकाळी प्रोजेक्टरवर एक चित्रपट दाखवायचा असं पत्रिकेतसुद्धा लिहून झालं होतं. सभासदांतल्या एका वकिलीणबाईंनी पत्रिका वाचून फोन केला. डीव्हीडी घरी बघायला विकत मिळते, हॉलमध्ये लोक जमवून दाखवायला नाही. तिकीट नसलं तरी सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी हक्कदाराकडून घ्यावीच लागते. पोस्टरं नेटवरून उतरवून फलकावर छापणं हेही त्यातच आलं.

परवानग्यांसाठी पत्रं पाठवायला आता पाच आठवडे उरलेत. जुन्या चित्रपटांचे हक्क आज कोणाकडे आहेत हे शोधण्यातच तेवढे जातील. चित्रपट रद्द. पोस्टरं रद्द. ज्यांना करायचंय त्यांनी पत्रव्यवहार सहा महिने आधी सुरू करा, बाकी सगळं नंतर.

त्याऐवजी: ज्याने त्याने घरी बघून यायचं आणि तीन संध्याकाळी हॉलमध्ये बसून गप्पा मारायच्या. चहा आमचा.

१६ फेब्रुवारी

चित्रं नाहीत तर वस्तू. सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर यादी टाकली: जुना रेडिओ, शटरवाला काळा-पांढरा टीव्ही, पानवाल्याचा अडकित्ता, दोरीवर वाळत घातलेले कपडे. दोन दिवसांत तीन रेडिओ आले. टीव्ही एकच आला, पण तो आणायला चार माणसं लागली.

‘चश्मे बद्दूर’मध्ये दीप्ती नवल दारोदार फिरून ‘चमको’ साबण पावडर विकते. पुतणीने चपलांच्या खोक्यावर कागद चिकटवून चमकोचा डबा केला, पोस्टर कलरने. आत एक किलो तांदूळ, नाहीतर तो पंख्याच्या वाऱ्याने पडायचा.

आजचं सगळ्यात मोठं काम मात्र ठरवून झालं नाही. पेठेतले एक आजोबा रेडिओ द्यायला आलेल्या नातवाबरोबर आले होते. ‘दिशा’च्या कच्च्या मजकुरासमोर थांबले. दुष्काळी गावातून मुंबईच्या गिरणीत जाणारी माणसं, खोलीत जागा नाही म्हणून पाळीपाळीने झोपणारी. नाना पाटेकर आणि रघुवीर यादव. आजोबा स्वतः गिरणीत होते, ८२च्या संपात परत आले. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या निम्म्या घरांची हीच गोष्ट. म्हणाले, “खोलीत किती होते लिहिलंय का? आम्ही तेवीस होतो. माझी वळकटी उचलली की खाली दुसऱ्याची सुरू.” संध्याकाळी नातवाच्या स्कूटरवर त्यांची पत्र्याची ट्रंक आली. हिरवी, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, गाव, मु. पो., तालुका. बिजागरीच्या जागी तार वळलेली. झाकण पूर्ण उघडू नका, तार तुटेल, असा निरोप.

२३ फेब्रुवारी

छपाई आली आणि बारापैकी पाच फलक वाया.

काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण मराठीत छापणाऱ्या प्रत्येकाला हे भोगावं लागतं. पुतणीने मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला. आमच्या स्क्रीनवर सगळं बरोबर. छपाईवाल्या दादांकडे डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं. त्यात मजकूर चिकटवला की रफार सुटून पुढे पळतो आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षरावर बसते. ‘स्पर्श’चं झालं ‘स्पशर्’. दोन फूट बाय तीन फुटांच्या सनबोर्डवर, पाच इंची अक्षरात, ‘स्पशर्’. ‘दिशा’चं ‘दशिा’. दादांनी छापताना वाचलं नाही, आम्ही नमुना मागितला नाही. दोघांचीही चूक, म्हणून भांडण लांबलं नाही. पाच फलकांच्या फेरछपाईचे २,२५० झाले, निम्मे त्यांनी सोसले.

उपाय: मजकूर पाठवूच नका. फलक घरीच पूर्ण मांडून पीडीएफ करून द्या, अक्षरं चित्रासारखी गोठवून. आणि ए-फोर कागदावर नमुना काढून घ्या. तो घरातल्या अशा माणसाकडून वाचून घ्या ज्याने मजकूर आधी पाहिलेला नाही. आमच्याकडे हे काम काकांकडे गेलं. एक अनुस्वार सुटला तरी ते पोस्टकार्ड परत पाठवल्यासारखा चेहरा करतात.

१ मार्च

‘स्पर्श’ कधीचा? मी लिहिलं १९८०. मॅडमच्या टिपणात १९७९. पुतणीच्या फलकावर १९८४. तिघींचं भांडण होऊन वेळ गेला, आणि गंमत म्हणजे तिघींकडे कारण होतं. राष्ट्रीय पुरस्कार १९७९ सालचे: सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट, सईंना पटकथेसाठी, नसीरुद्दीन शाहना अभिनेता म्हणून. चित्रपटाचं साल म्हणून लावतात १९८०. आणि प्रेक्षकांपर्यंत पोचायला त्याला जवळजवळ चार वर्षं रखडावं लागलं, म्हणून फिल्मफेअर मिळालं थेट १९८५ मध्ये, चित्रपट, दिग्दर्शन आणि संवाद. म्हणजे ‘चश्मे बद्दूर’ आणि ‘कथा’ नंतर काढले, पण लोकांनी आधी बघितले.

एकच साल टाकायचा हट्ट सोडला. तिन्ही सालं लिहून खाली दोन ओळींचा खुलासा दिला. फलक छापून झाला होता म्हणून वर स्टिकर लावला, ६० रुपये. स्टिकरचा पांढरा सनबोर्डच्या पांढऱ्याशी जुळत नाही. राहू दे.

८ मार्च

लोकर. वाटलं होतं सगळ्यात सोपं काम हे.

टाचण्या सनबोर्डात आरामात शिरतात, पण लोकर ताणली की वाकतात आणि बाहेर येतात. सैल सोडली तर लोकर मधे झोळ खाते आणि लोकांच्या केसांना लागते. मोठ्या डोक्याच्या पुशपिना आणल्या, ९० रुपये, त्याही गेल्या. दुधाच्या पिशव्यांना लावायचं रबर वापरून पाहिलं. काही विचारू नका.

शेवटी आईने सोडवलं. दाभणाने फलकाला आरपार भोक पाडायचं, लोकर मागे ओवायची आणि मागच्या बाजूला आगपेटीची काडी आडवी घालून गाठ मारायची, कापडी गुंडीसारखी. काडी आत येत नाही, लोकर हवी तेवढी ताणता येते. गुल आधी तोडा. एकूण ३४ भोकं. सनबोर्ड दाभणाने टोचताना मागे जुनं मासिक धरा, नाहीतर मागची बाजू फुटते. दोन फुटल्या.

१२ मार्च

शेजारच्या गावातल्या अंधशाळेत शिकवून निवृत्त झालेले एक सर मॅडमचे जुने परिचित. त्यांना हॉल दाखवायला मॅडमनी बोलावलं. जिन्यापाशी मी घाईने त्यांचा दंड धरला. त्यांनी हळूच सोडवला आणि माझं कोपर स्वतःच्या हातात घेतलं. “असं. तुम्ही पुढे, मी मागे. तुम्ही मला ढकलत नेलंत तर दोघं पडू.”

वर जाऊन ‘स्पर्श’चा फलक मी वाचून दाखवला. दिल्लीच्या ब्लाइंड रिलीफ असोसिएशनमध्ये बरंचसं चित्रण, तिथल्या मुख्याध्यापकांवर बेतलेली नसीरुद्दीनची भूमिका, दया नको म्हणणारा माणूस, वगैरे वगैरे. वाचताना आवाज जरा चढवला होता. सरांनी फलकावरून हात फिरवला, वरपासून खालपर्यंत. गुळगुळीत सनबोर्ड. फक्त स्टिकरची कड हाताला लागली.

“हे काय आहे?”

“साल चुकलं होतं, त्यावर पट्टी लावलीय.”

“म्हणजे मला वाचता येण्यासारखी तुमची चूक तेवढी आहे,” असं म्हणून ते मनापासून हसले. मला हसावं की नाही कळेना. चित्रपट त्यांनी तीनदा ऐकलाय. नसीरुद्दीनची मान कशी हलते हे इतरांनी त्यांना सांगितलंय, ते त्यांना पटत नाही.

निघताना म्हणाले, पाटी आणि टोचणी आणा, परवा येतो.

१६ मार्च

ब्रेलची पाटी आणि टोचणी २५०, जाड कागद १००. सर तीन तास बसले. अशी कामं करणाऱ्यांनी हे आधीच करा, तीन दिवस उरले असताना नको.

पाटीवर ब्रेल उजवीकडून डावीकडे टोचतात, कारण वाचायचा असतो कागद उलटून. मी पहिला कागद ऐटीत डावीकडून उजवीकडे टोचला. सरांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, “आरशात वाचावं लागेल.” दुसऱ्या कागदावर ‘स्पर्श’च अडला. आपण हलन्त अक्षराच्या पायाशी देतो, ब्रेलमध्ये त्याचा ठिपका अक्षराच्या आधी येतो. म्हणजे आधी हलन्त, मग स, मग प, पुन्हा हलन्त, मग र, मग श. ज्या शब्दाने छपाईत रडवलं त्यानेच इथेही. एका ओळीला मला वीस मिनिटं लागली. सर बोलता बोलता कागद भरत होते. सात फलकांचा गोषवारा झाला, पाच राहिले. दया हा शब्द मी मजकुरातून काढला. त्यांनी सांगितलं नव्हतं.

१८ मार्च, रात्री

साडेअकरा. सगळं लागलं. एक्स्टेंशन बोर्ड कमी पडला, ३५०. ‘साज’ या चित्रपटाच्या कार्डावर चार संगीतकारांऐवजी तीनच नावं छापली गेली होती, यशवंत देव सुटले होते. पेनने लिहिले. झाकीर हुसेन संगीतकारही आणि नटही, हे वाचून काका अजून विश्वास ठेवत नाहीयेत.

१९ ते २६ मार्च

रोज लिहायला जमलं नाही, एकत्र लिहिते.

पहिल्या दिवशी गर्दी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शुकशुकाट (परीक्षा, तारीख ठरवताना कोणाच्या डोक्यातच आलं नाही). शनिवार-रविवार पुन्हा भरले. पुरस्कारांचं कार्ड, त्यात २००६चं पद्मभूषणही, आम्ही कोपऱ्यात लावलं होतं. तिथे फारसं कोणी थांबलं नाही. थांबले ते चमकोच्या डब्यापाशी. एका काकूंनी किंमत विचारली.

लोकर मुलांनी ओढली. व्हायचंच. काड्यांनी तग धरला, दोनच गाठी सुटल्या. मुलं बोटाने लाल धाग्यावरून एका फलकावरून दुसऱ्यावर जात होती, मोठी माणसं क्रमांक शोधत होती. क्रमांक दिलेच नव्हते. तक्रार वहीत तीनदा आली.

गप्पांची ‘कथा’ची संध्याकाळ सर्वांत लांबली. राजाराम चांगला की बाशू, यावर दोन भाऊ भांडून चहा न घेता गेले. ‘दिशा’च्या संध्याकाळी ट्रंकवाले आजोबा आले होते. सगळे त्यांच्याकडे बघत बसले, ते मात्र चित्रपटावरच बोलले: ओम पुरी गावात विहीर खणत राहतो त्यावर. म्हणाले, तो वेडा नव्हता, आम्ही मुंबईला गेलो ते वेडे. मग म्हणाले, तसंही नाही.

३० मार्च

हिशोब. छपाई ५,४००, फेरछपाईचा आमचा वाटा १,१२५, स्टिकर ६०, लोकर १८०, पुशपिना ९०, ब्रेलचं सामान ३५०, एक्स्टेंशन ३५०, टेम्पो ६००, चहा ७४०. एकूण ८,८९५. जमले १०,०००. उरलेल्या १,१०५ मधून ‘सय’ या त्यांच्या आत्मकथनाची दुसरी प्रत घ्यायची, कारण वाचनालयाची प्रत प्रदर्शनाच्या पाचव्या दिवसापासून सापडत नाही.

ट्रंक परत दिली. तार शाबूत.

शेजारच्या तालुक्यातल्या वाचनालयाने फलक मागितलेत. बांधायला घेतले तेव्हा कळलं की ब्रेलचे कागद मी फलकांच्या गठ्ठ्याखाली ठेवले होते. ठिपके दबून सपाट झालेत. सरांना फोन केला. म्हणाले, कागद उभे ठेवायचे असतात हे सांगायचं राहिलं. आज रात्री पुन्हा टोचायला बसतेय, उजवीकडून.